घरगुती टो-बार आणि विंच : पाइप राहू दे, बोल्ट कुठे बसलाय ते बघा

बेळगाव : पावसाळा तोंडावर आला की उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशन शेडपुढे बोलेरो, थार, जुन्या जीपगाड्या उभ्या दिसू लागतात. बंपरपुढे लोखंडी बार, त्याला टो-हुक, आणि खिसा गरम असेल तर वर विंच. जांबोटी-कणकुंबीकडच्या आतल्या गावांत किंवा चंदगड-तिलारीच्या बाजूला ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे, त्यांच्या बाबतीत ही नुसती हौस म्हणता येत नाही. चाक रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत भिजत उभं राहायचं, आणि गाडीत आजारी माणूस असेल तर मग विचारूच नका.

गेल्या जुलैत मी अशाच एका गाडीत होतो. मित्राच्या बोलेरोला महिन्यापूर्वीच नवा बार बसवलेला. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी बारला अडकवली आणि दोन झटके दिले. बार ट्रॅक्टरमागं गेला, गाडी चिखलातच राहिली. कुणाच्या नडगीवर आला नाही हे नशीब. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मामा, ह्यो दाखवायचा बार हाय, ओढायचा न्हवं."

त्याचं बरोबर होतं. पाइप जाड होता, वेल्डिंग साफ होतं. पण बार बसवला होता बंपरच्या ब्रॅकेटवर. ते पातळ ब्रॅकेट आणि त्याचे बारीक बोल्ट बंपरचं वजन पेलण्यासाठी असतात, सगळी गाडी ओढण्यासाठी नाहीत.

मी कॉमर्सवाला, म्हणून आधी आकडे मांडतो. बाजारात सर्रास मिळणारी विंच 9,500 पौंडांची, म्हणजे साधारण 4,300 किलोची ओढ देणारी. तीही ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरला असताना. वरच्या थरावर ती कमी होते. गाडी एक्सलपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाइतकी, कधी त्याहून जास्त ओढ लागते. साखळीनं झटका दिला की भार आणखी कितीतरी वाढतो. हा सगळा भार शेवटी ज्या दोन-चार भोकांवर येतो, ती चेसीसच्या मुख्य रेलमध्ये असली पाहिजेत. बोलेरो, थारसारख्या गाड्यांना तशी वेगळी चेसीस तरी आहे. बहुतेक छोट्या कारना ती नसतेच, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. तिथं घरगुती विंच बसवायचा विचारच सोडावा. टूलकिटमधला स्क्रूचा हुकसुद्धा बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर ओढण्यापुरता असतो.

चेसीस असली म्हणून थेट वेल्डिंग मारणंही बरोबर नाही. उष्णतेनं त्या जागचं पोलाद कमजोर पडू शकतं. जाड प्लेट रेलच्या दोन्ही बाजूंना धरून 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे बोल्ट लावणं हा शहाणा मार्ग. ग्रेड बोल्टच्या डोक्यावरच कोरलेला असतो, दुकानातच वाचून घ्यावा. विंच पूर्ण भारावर 400 अँपिअरच्या आसपास करंट ओढते, तेव्हा वायरमध्ये काटकसर करू नये. एअरबॅग असलेल्या गाडीत आणखी एक घोळ आहे. धडकेचा अंदाज घेणारे सेन्सर कंपनीच्या मूळ बंपरच्या हिशेबानं जुळवलेले असतात. पुढं टणक लोखंड आलं की तो हिशेब बिघडू शकतो. आणि समोर पादचारी असेल तर त्याला बंपर नव्हे, तो पाइपच लागणार.

आता कायद्याकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा केंद्राचा, म्हणून केए-22 असो, एमएच-09 असो की गोव्याची पाटी, चोर्ला उतरल्यावर तो बदलत नाही. तडजोडीचा दंड किती घ्यायचा आणि नाक्यावर किती कडक बघायचं, हे मात्र त्या त्या राज्याचं. "आमच्याकडे चालतंय" हा भरवसा त्यामुळेच फसवा. क्लेमच्या वेळी विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

माझी तक्रार दुसरी आहे. शोभेचा चकचकीत बार आणि चेसीसला नीट धरलेला, ओढायच्या कामाचा हुक, यांत नाक्यावर कोण फरक करतो? खानापूरच्या आतल्या गावातल्या माणसाला दुसऱ्याची खरी गरज आहे. परिवहन कार्यालयानं मंजूर रिकव्हरी हुकची एखादी रीत ठरवून दिली, तपासून नोंद करून दिली, तर लोक निम्मे पैसे खर्चून चांगलं काम करून घेतील. तोवर विंच घेण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी विचारावं आणि कंपनीनं चेसीसला दिलेला हुक शाबूत आहे का ते बघावं. अनेक गाड्यांत तो घरगुती बारच्या मागं झाकला गेलेला असतो. मित्राच्या बोलेरोतही तसाच होता. बार निघून गेल्यावर तो दिसला, आणि त्यालाच साखळी लावून, झटका न देता हळूहळू ओढत, आम्ही बाहेर आलो.