किरकोळ बदल

एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण की नाही, यावरून लोकलमध्ये माझं मैत्रिणीशी भांडण झालं. माझ्या हातात ‘फ्रँकेनस्टाईन’ची जुनी हार्डबाउंड प्रत होती. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरून दीडशेला घेतलेली, जॅकेट गायब, आत कुठल्याशा शाळेच्या लायब्ररीचा शिक्का. तिच्या फोनवर तीच कादंबरी. माझ्या पुस्तकात एलिझाबेथ कोमो सरोवराजवळच्या गरीब घरात वाढणारी पोरकी मुलगी, तिच्या फोनवर व्हिक्टरच्या आत्याची लेक. दोघंही बरोबर होतो.

ही कादंबरी १८१८ मध्ये लंडनला तीन खंडांत निघाली, लेखिकेच्या नावाशिवाय, ५०० प्रती. १८३१ मध्ये मेरी शेलीनं ती बदलून एका खंडात आणली. माझी प्रत या दुसऱ्या पाठाची, पण तसं तिच्यात कुठेही छापलेलं नाही. कागद जाड, शिवण पक्की, व्हर्जन नंबर नाही.

‘त्यानं काय बिघडतं?’ म्हणणाऱ्यांशीच मला भांडायचंय. नुसतं नातं बदललं असतं तर सोडून दिलं असतं. पण १८१८ चा व्हिक्टर निवड करतो. त्याला थांबता आलं असतं, तो थांबत नाही, आणि बनवलेलं जिवंत झालं की खोलीतून पळ काढतो. १८३१ चा व्हिक्टरही हेच करतो, फक्त आता जागोजागी नियतीकडे बोट दाखवतो. (आधीच्या पाठात नशीब अजिबात नाही असं नाही. पण इतकं नाही.) गुन्हा तोच, आरोपीला वकील मिळाला.

मेरीवर माझा राग नाही. मधल्या काळात तिची दोन मुलं गेली, नवरा समुद्रात बुडाला. आपल्या हातात काही नसतं असं वाटायला तेवढं पुरे. खटकतं ते तिनं १८३१ च्या प्रस्तावनेत सांगितलेलं: कथा बदललेली नाही, नव्या कल्पना नाहीत, बदल मुख्यतः शैलीचे. आमच्या भाषेत, मायनर फिक्सेस.

हा कमिट मेसेज मी ओळखतो, कारण मीही लिहिलाय. डिलिव्हरीवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये उशीर मोजायचं घड्याळ पार्सल उचलल्यापासून सुरू व्हायचं. ते मी ऑर्डर पडल्यापासून सुरू केलं. एक ओळ. मेसेज: ‘किरकोळ बदल’. मग हॉटेलनं जेवण उशिरा दिलं तरी पैसे पोरांचे कापले जायला लागले. तक्रारी आल्या तेव्हा मीटिंगमध्ये आम्ही सगळे म्हणालो, ‘सिस्टिम तसं मोजते.’ मीसुद्धा. शेवटी कुणीतरी हिस्टरी उघडली, ओळीपुढे तारीख आणि माझं नाव दिसलं, तेव्हा ती मागे घेतली गेली. कापलेले पैसे नाही मिळाले कुणाला.

ती हिस्टरी नसती तर आम्ही आजही सिस्टिमवरच ढकलत असतो. म्हणून प्रकाशकांनो, सोनेरी कडा आणि वटवाघळांची चित्रं नंतर, आधी पाठ कोणता ते छापा. एक ओळ लागते. सामान्य वाचकाला फरक पडत नाही, हे तुम्ही परस्पर ठरवलंत. त्याला तुम्ही कधी कळूच दिलं नाही.

मैत्रिणीला आता १८१८ ची हार्डबाउंड हवीये. शनिवारी फाउंटनला त्याच फूटपाथवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘स्टोरी तर सेमच आहे ना?’

त्याच्या ढिगातल्या चारही प्रती काढून मी कोमो सरोवर शोधत बसलो.