डिस्काउंट नंतर विचारा, आधी कागद मागा

भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण, आठ-दहा लाखांची पिकअप घ्यायला एसी शोरूममध्ये शिरलो की गप्प होतो. चहा येतो, कोणीतरी "साहेब" म्हणतं, आणि आपण दोनच प्रश्न विचारतो. डिस्काउंट किती? हप्ता किती बसेल?

माझं मत स्पष्ट आहे. सुरुवात या दोन प्रश्नांनी केली, तर बोलणी डीलरच्या हातात जातात.

मीही हेच केलंय. दुकानासाठी पहिली पिकअप घेताना मला पाडव्याचा मुहूर्त गाठायचा होता. पंधरा हजारांचा डिस्काउंट मिळाला, हार घालून फोटो काढला, पेढे वाटले. रात्री कागद वाचले तर विमा, हँडलिंग चार्ज आणि अ‍ॅक्सेसरीज मिळून त्याहून जास्त पैसे परत गेले होते. एका मालावर सूट देऊन दुसऱ्यावर भरून काढणं मी रोज काउंटरवर बघतो, तरी फसलो. चूक माझीच, सही आधी केली आणि वाचलं नंतर.

म्हणून पहिलं काम हे करा: ऑन-रोड किमतीची फोड लेखी घ्या. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, अ‍ॅक्सेसरीज, सगळं वेगवेगळं. हँडलिंग चार्ज हा काही सरकारी कर नाही, तो काढायला सांगा. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. गाडीची विमा किंमत म्हणजे आयडीव्ही सारखी ठेवून बाहेरचं कोटेशन आणा आणि समोर ठेवा.

दुसरं, हप्त्यावर बोलणी करू नका, व्याजावर करा. समजा कर्ज ८ लाख, मुदत ५ वर्षं. सेल्सवाला म्हणतो, "फक्त ७ टक्के." तो फ्लॅट असेल तर व्याज २ लाख ८० हजार आणि हप्ता १८ हजार. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, पण व्याज मात्र पूर्ण ८ लाखांवरच लागतं. रिड्युसिंगच्या भाषेत हा दर जवळपास साडेबारा टक्के झाला! तेच कर्ज तुमच्या बँकेने ११ टक्के रिड्युसिंगने दिलं, तर हप्ता साधारण १७,४०० बसतो. पाच वर्षांत ३६ हजार वाचले. माझ्या पंधरा हजारांच्या डिस्काउंटपेक्षा दुप्पट!

तिसरं, जीएसटी. मालवाहू गाड्यांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. तुमची नियमित नोंदणी असेल, कॉम्पोझिशनमध्ये नसाल आणि गाडी धंद्याच्या मालासाठी असेल, तर या कराचं इनपुट क्रेडिट घेता येतं. त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. बुकिंगच्या वेळीच द्या आणि एकदा सीएला विचारून घ्या.

आता ताकदीचं बोलू. बोलणीत ताकद त्याची, ज्याला उठून जाता येतं. मुहूर्त चार दिवसांवर आला असेल तर तुम्ही उठू शकत नाही, आणि समोरच्याला ते कळतं. महिनाभर आधी सुरुवात करा. त्याच मॉडेलचं कोटेशन शेजारच्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या डीलरकडूनही घ्या. वर्षअखेरीला स्वस्त मिळतेय म्हणाले तर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहून घ्या. जानेवारीत पासिंग झालं तरी विकताना गिऱ्हाईक उत्पादनाचं वर्ष बघतं.

एक मात्र लक्षात ठेवा. डीलरलाही दुकान चालवायचंय, त्याचं मार्जिन पूर्ण खायचं नाही. उद्या सर्व्हिसिंगला तुम्हाला त्याच्याच दारात जायचंय. आवाज चढवू नका, खोटं कोटेशन दाखवू नका. शांतपणे एकच वाक्य म्हणा: "हे सगळं लिहून द्या, मी उद्या सांगतो."

हे म्हणायला लाज वाटते, मला माहितीय. पण पुढची पाच वर्षं हप्ता तुमच्या गल्ल्यातून जाणार आहे. तेव्हा लाज तिथे नको, सही करण्याआधी दहा मिनिटं जास्त बसा.