घरातला पडदा संकटकाळी मुका का?

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि दुपारपर्यंत मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. मधल्या काही तासांत बातमी पसरली ती बहुतांशी तोंडोतोंडी. कोणी ती खरी मानली, कोणी हसण्यावारी नेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हाही पुढचा रस्ता बंद झाल्याचे ठाऊक नसलेले हजारो मुंबईकर कचेरीतून घराकडे निघालेच. दोन्ही वेळी निसर्गाचा कोप होताच. परंतु वेळेवर, अधिकाराने आणि स्पष्ट शब्दांत सांगणाऱ्या वाणीचाही अभाव होता.

ती वाणी आज आपल्या दिवाणखान्यात येऊन बसली आहे. २०१२ च्या अखेरीपासून मुंबईत आणि पुढे इतर शहरांत केबलच्या जोडणीबरोबर सेट-टॉप बॉक्स आला. ह्या पेटीत सक्तीने संदेश दाखविण्याची सोय असलीच पाहिजे, आणि तो संदेश सर्व ग्राहकांना, एखाद्या गटाला किंवा एकट्या ग्राहकाला धाडता आला पाहिजे, अशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाची अटच आहे. वर्गणी थकली की चालू मालिकेच्या मधोमध जी पट्टी झळकते, ती ह्याच सोयीची करामत! जी यंत्रणा थकबाकीदाराला हुडकून काढते, तिने नदीकाठच्या चार पेठांना पुराची वर्दी देऊ नये, ह्याला काय म्हणावे?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' यंत्रणा उभी आहे आणि २०२३ साली भ्रमणध्वनीवर चाचणीचे इशारेही खणखणले. मग केबल कशाला, असे कोणी विचारील. पण म्हाताऱ्या माणसांचा भ्रमणध्वनी पुष्कळदा आतल्या खोलीत पडलेला असतो. समोर चालू असतो तो दूरचित्रवाणीचा पडदाच. वीज गेली की तोही अंधारतो, हे खरे. म्हणूनच इशारा पाणी चढण्यापूर्वी मिळावयास हवा, आणि भोंगा व स्वयंसेवक ह्यांनाही रजा देता कामा नये.

तथापि केवळ यंत्र बसविल्याने काम भागत नाही. अमेरिकेत १९९७ साली नवी आपत्कालीन इशारा पद्धत सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत केबल कंपन्यांवरही तिचे बंधन आले. त्या देशाचा अनुभव बोलका आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा भ्रमणध्वनीवर आणि दूरचित्रवाणीवरही झळकला. तो चुकीचा असल्याचे त्याच मार्गाने कळविण्यास ३८ मिनिटे लागली. २०१३ साली तर मोंटाना राज्यात कोणा उपद्व्यापी इसमाने ह्या यंत्रणेत शिरून 'मृतदेह थडग्यांतून उठत आहेत' असा पुकारा केला! कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदलण्याचा हा प्रसाद होता.

ह्यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे. इशारा देण्याचा अधिकार कोणाचा आणि तो मागे घेण्याचा कोणाचा, हे आधीच लेखी ठरलेले असावे. संदेश मराठीत, दोन ओळींत, कोणत्या वस्तीने काय करावे एवढेच सांगणारा असावा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची जाहीर चाचणी व्हावी. आणि ऊठसूट पडदा अडवून लोकांचे कान बधिर करू नयेत, कारण ज्या घंटेवरचा विश्वास उडाला ती वाजली काय आणि न वाजली काय, सारखेच.

पेटी घरात आहे, तार दारात आहे, गल्लीतला केबलवाला घरोघरच्या माणसांना नावानिशी ओळखतो. उणीव आहे ती ह्या सर्वांना एका शिस्तीत बांधणाऱ्या हुकमाची. तो राज्यकर्त्यांनी आणि महापालिकांनी कोरड्या दिवसांतच काढावा. पाणी उंबरठ्याशी आल्यावर नियम लिहिण्यास कोणालाच सवड मिळत नसते.