हजेरी : ८४

तुमची टीम कोणती, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, बार्सा, रिआल. थोडं वेगळं दिसायचं असेल तर डॉर्टमुंड. एफसी रोडवरून घेतलेली जर्सी, फोनला वॉलपेपर, चॅम्पियन्स लीगच्या रात्री जागरण आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या लेक्चरला डुलक्या. यात वाईट काहीच नाही. पण एक सांगा, त्या रात्री तुम्ही झोपून गेला असतात तर ओल्ड ट्रॅफर्डवर कुणाला कळलं असतं का?

माझी टीम अमेरिकेत ओहायोमधल्या एका छोट्या कॉलेजची आहे. मुलांची सॉकर टीम. (हो, तिथे सॉकरच म्हणायचं. फुटबॉल म्हटलं की हेल्मेटवाले येतात.) कॉलेजचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, सांगूनही तुम्हाला कळणार नाही. मॅच संपली की कॉलेजच्या साइटवर स्कोअरकार्ड येतं. गोल कुणाचा, पास कुणाचा, यलो कार्ड कुणाला, आणि एका ओळीत प्रेक्षकांची संख्या. गेल्या सीझनमधल्या एका मॅचला तो आकडा होता ८४. पुण्यात पहाटे साडेचारला उठून लॅपटॉपसमोर बसलेली मी त्यात धरलेली नव्हते!

आता तुम्ही म्हणाल, हिला वेड लागलंय. असेल. पण माझं म्हणणं असं आहे की फॅन होण्याची खरी मजा ८४ माणसांच्या मैदानावरच कळते, आणि ती एकदा तरी चाखल्याशिवाय तुम्ही स्वतःला फॅन म्हणवून घेऊ नये.

आधी हा प्रकार काय ते सांगते. अमेरिकेत कॉलेजचे खेळ मुख्यतः एनसीएए नावाची संस्था चालवते. तिने कॉलेजांचे तीन गट केलेत. सिनेमात दिसतात ती भलीमोठी स्टेडियम, बँड, चीअरलीडर्स, ते डिव्हिजन वन. आमचं डिव्हिजन थ्री. इथला सगळ्यात मोठा नियम म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही. कितीही भारी स्ट्रायकर असलात तरी फी भरा, पेपर द्या आणि मग खेळा. डिव्हिजन थ्रीमध्ये मुलांच्या सॉकरच्या चारशेहून जास्त टीम आहेत. त्यातल्या ६४ राष्ट्रीय स्पर्धेत जातात. व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोहोचणारी मुलं मात्र अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणजे ही मुलं पहाटे जिम, दुपारी लॅब, संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी चार तासांचा बसप्रवास हे सगळं करतात आणि पुढे त्यातून काहीही होणार नसतं. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

टीमच्या पानावर प्रत्येक खेळाडूची माहिती असते. नाव, नंबर, उंची, गाव, कॉलेजचं कितवं वर्ष आणि विषय. हे शेवटचं मला फार आवडतं. सेंटर बॅक : बायोलॉजी. गोलकीपर : अर्थशास्त्र. डावा विंगर : अजून ठरलेलं नाही. कॉमेंट्री करणाराही बहुतेक वेळा विद्यार्थीच असतो. तो मध्येच सांगून टाकतो की याचा काल ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर होता, म्हणून आज जरा ढिला वाटतोय. प्रीमियर लीगच्या समालोचकाकडून हे ऐकायला मिळेल का?

मी यात पडले ती एका मैत्रिणीमुळे. अकरावी-बारावीला एकत्र होतो, ती तिकडे शिकायला गेली आणि हॉस्टेलमधली अर्धी पोरं टीममध्ये आहेत म्हणून मॅचना जाऊ लागली. मला लिंक पाठवायची. पुढे ती पास झाली, नोकरीला लागली, आता तिला स्कोअरही माहीत नसतो. मी मात्र अजून तिथेच आहे. तिला सांगितलं की ती हसते.

स्ट्रीम बहुतेक कॉलेजांची फुकट असते. एकच कॅमेरा, तोही स्टँडच्या टपावर. वारा सुटला की माइकमध्ये नुसता घूं घूं आवाज. लांबच्या कोपऱ्यात कॉर्नर असला की कोण कोण उडी मारतंय ते अंदाजाने ओळखायचं. पण या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. तो कधी हलकासा भरकटतो आणि बेंच दिसतो. वीस-बावीस मुलं कोट घालून उभी, आणि त्यांतला एखादा असा की जो दोन सीझन झाले तरी दहा-पंधरा मिनिटांच्या वर खेळलेला नाही. गोल झाला की सगळ्यात आधी तोच मैदानाच्या रेषेपर्यंत धावतो. एकदा का हे पोरगं तुमच्या नजरेत बसलं की संपलं, मग तुम्ही स्कोअरसाठी मॅच बघत नाही.

नियमही थोडे वेगळे आहेत. घड्याळ उलटं चालतं, ४५ वरून शून्याकडे. गोल झाला किंवा कार्ड दाखवलं की थांबतं. वाढीव वेळ किती, रेफरीच्या मनात काय, ही भानगडच नाही. शेवटची दहा सेकंदं लाउडस्पीकरवरून मोठ्याने मोजतात. दहा, नऊ, आठ... एका गोलने मागे असताना ती मोजणी ऐकणं म्हणजे शिक्षा आहे. पूर्वी बरोबरी झाली की साखळी सामन्यांतही जादा वेळ आणि गोल्डन गोल असायचा, पहिला गोल झाला की मॅच खल्लास. २०२२ पासून साखळीतला जादा वेळच काढून टाकला. माझ्या मते चूक केली, पण मला विचारतंय कोण!

'दर्जाचं काय?' हा प्रश्न ठरलेला. प्रामाणिकपणे सांगते, दर्जा वरखाली आहे. काही मॅचमध्ये बॉल जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असतो. पण सगळंच तसं नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या मेसाया या कॉलेजने २००० ते २०१७ या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. शांतपणे पास देत राहणं, बॉल गेला की लगेच सगळ्यांनी मिळून तो परत घेणं, ही त्यांची ओळख. ओहायो वेस्लियनचे जे मार्टिन एकाच कॉलेजात चार दशकांहून जास्त काळ कोच होते. कॉलेज सॉकरमध्ये पुरुषांच्या टीमसोबत त्यांच्याइतक्या मॅच कुणीच जिंकलेल्या नाहीत, डिव्हिजन वनमध्येही नाही. आणि २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोच्या टीमने एकही मॅच न हरता विजेतेपद मिळवलं. त्यांची कोच होती ज्युलियान सिच. पुरुषांच्या सॉकर टीमला एनसीएए विजेतेपद मिळवून देणारी ती पहिलीच स्त्री, आणि हा तिचा तिथला पहिलाच सीझन होता. हे लाखो लोक बघत असलेल्या लीगमध्ये अजून घडलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

मग टीमची टोपणनावं. टफ्ट्सचे जम्बोज, ॲमहर्स्टचे मॅमथ्स, कनेक्टिकट कॉलेजचे कॅमल्स. २०२१ च्या फायनलमध्ये उंटांनी मॅमथना पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. बिचारे ॲमहर्स्टवाले! २०१९ च्या फायनलमध्ये टफ्ट्सकडून हरले, २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही, २०२१ मध्ये हे असं, आणि २०२३ च्या फायनलमध्ये मिनेसोटातल्या सेंट ओलाफकडून हार. सेंट ओलाफची खरी ख्याती कॉलेजच्या गायनवृंदाची. तीन फायनल हरणारी टीम पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा प्रॅक्टिसला येते, यावर कुणी सिनेमा का काढत नाही मला कळत नाही.

मला सगळ्यात जास्त रडवतो तो 'सीनियर डे'. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या साखळी सामन्याला शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकेक करून पुढे बोलावतात. आईवडील सोबत चालत येतात, आईच्या हातात फुलं असतात. निवेदक प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं बोलतो, बहुतेक पुढे कुठे नोकरी किंवा कुठे शिक्षण, एवढंच. आणि मग मॅच. यांतल्या बहुतेकांसाठी आयुष्यातलं स्पर्धेचं फुटबॉल त्या काही दिवसांत संपणार असतं. पाच-सहा वर्षांचे असल्यापासून जे करत आलो ते बाविसाव्या वर्षी, एका गार संध्याकाळी, ८४ लोकांसमोर संपतं. मेस्सीला निरोप द्यायला सगळं जग असतं. या मुलांना निरोप द्यायला तुम्ही आहात की नाही, याने खरंच फरक पडतो.

पण मी तुम्हाला फक्त गोड गोड सांगून फसवणार नाही. या टीममागे कॉलेजांचा हिशोबही आहे. खेळाला शिष्यवृत्ती नाही, म्हणजे टीममधला प्रत्येक मुलगा फी भरणारा विद्यार्थी आहे. अनेक खासगी कॉलेजांची जाहीर फी राहण्या-खाण्यासकट वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर जाते. गरजेनुसार किंवा मार्कांवर सवलत मिळते, तरी रक्कम मोठीच. त्यामुळे विद्यार्थी कमी पडू लागले की काही कॉलेजं नव्या टीम काढतात, मोठ्या टीम ठेवतात. बेंचवरचा तो मुलगा कोचच्या डावपेचांत बसत नसेल, अकाउंट्स विभागाच्या बरोबर बसतो. हे कळल्यावर माझा थोडा मूड गेला होता. पण त्याचं धावत येणं काही खोटं ठरत नाही.

आणि इतकं करूनही कॉलेजं बंद पडतायत. पेन्सिल्व्हेनियातली कॅब्रिनी युनिव्हर्सिटी २०२४ मध्ये बंद झाली, पुढचं वर्ष शेवटचं हे आदल्या वर्षीच जाहीर झालं होतं. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ पासूनचं. आधी फक्त मुलींचं, २००५ मध्ये मुलगे आले. एप्रिल २०२४ च्या अखेरीस सांगितलं गेलं की हे सत्र संपलं की कॉलेज संपलं. विचार करा, तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, पुढच्या सीझनला तुम्हाला सुरुवातीच्या अकरांत जागा मिळणार आहे, आणि सीझनच नाही. टीमच नाही. मोठ्या क्लबवर संकट आलं की कुणीतरी शेख किंवा फंड येऊन विकत घेतो. छोट्या कॉलेजची टीम गेली की तिच्या मॅच ज्यांनी पाहिल्या त्यांच्याच डोक्यात उरते. ते किती जण, तर तुम्हाला आकडा माहीतच आहे.

म्हणून मला फॅन ही वस्तू विकत घेणारी माणसं वाटत नाहीत, साक्षीदार वाटतात. आणि आता खरा मुद्दा. तुमच्या स्वतःच्या कॉलेजची फुटबॉल टीम आहे का? असेल तर तिची पुढची मॅच कधी, कुठे? कॅप्टन कोण?

बघा, मेस्सीचा जर्सी नंबर झोपेतही सांगाल. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, मग आंतरविद्यापीठ, अशा सगळ्या पायऱ्या आहेत. मुलं घाम गाळतायत. पण मॅच वर्किंग डेला सकाळी अकराला कुठल्यातरी लांबच्या मैदानावर, नोटीस जिमखान्याच्या दारावर एका कागदावर, आणि प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू, पीटीचे सर आणि कडेला झोपलेलं कुत्रं. निकाल नंतर कुठे शोधायला जावं तर सापडत नाही. फायनल जिंकली तर ट्रॉफीसोबत प्राचार्यांचा फोटो येतो, त्यात गोल करणारा मागच्या रांगेत असतो. कोल्हापूरकरांनी यावर हसावं, त्यांना तो हक्क आहे. तिथे शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमसाठी भर उन्हात स्टँड भरतो. म्हणजे लोक येतच नाहीत असं नाही, त्यांना ही टीम आपली आहे हे वाटावं लागतं.

कॉलेजांनी फार काही करायची गरज नाही. वेळापत्रक वेळेवर जाहीर करा, टीमची नावं लावा, एक मोबाइल स्टँडवर ठेवून मॅच लाइव्ह दाखवा, आणि निकाल, गोल करणाऱ्याच्या नावासकट, कुठेतरी कायमचा ठेवा. ओहायोतल्या त्या कॉलेजमध्ये हे काम दोन-तीन विद्यार्थीच करतात, त्यासाठी कुठलंही स्टेडियम लागत नाही. मास मीडियाच्या पोरांना प्रोजेक्ट हवेच असतात. मुलींच्या टीमलाही हेच सगळं द्या, तिथे तर कुत्रंही नसतं.

तोवर तुम्हाला सवय लागावी म्हणून सांगते. डिव्हिजन थ्रीचा सीझन सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला फायनल. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कॉलेजांची शनिवारी दुपारी एकची मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला लागते, जेवण आटोपून आरामात बघता येते. संध्याकाळी सातची असेल तर पहाटे साडेचार, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाच. टीम कुठलीही घ्या, नकाशावर बोट ठेवून घेतलीत तरी चालेल. फक्त एकदा घेतली की चार वर्षं सोडायची नाही, कारण पहिल्या वर्षाचा तो घाबरट लेफ्ट बॅक चौथ्या वर्षी कॅप्टनचा पट्टा बांधून उतरतो, आणि ते बघायला तुम्ही जागे असायला हवेत.