विद्यार्थ्यांस विचारावें कीं नाहीं?

शाळेचा कारभार कोण चालवितो, असें कोणी विचारल्यास व्यवस्थापक मंडळ, मुख्याध्यापक, शिक्षक आणि सरकारी शिक्षणखातें एवढीं नांवें सर्वांच्या तोंडीं येतील. ज्यांच्याकरितां हा सारा खटाटोप चालतो, त्या विद्यार्थ्यांचें नांव त्या यादींत क्वचितच सांपडेल. हें योग्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

तत्त्व म्हणून ही गोष्ट केव्हांच मान्य झाली आहे. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं संमत केलेल्या बालहक्क कराराच्या बाराव्या कलमाप्रमाणें, स्वतःसंबंधींच्या बाबींत मुलांस मत मांडतां यावें आणि वय व समज पाहून त्या मतास वजन द्यावें, असें ठरलें. भारतानें १९९२ सालीं तो करार स्वीकारला. पुढें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समित्या आल्या व महाराष्ट्रांत त्यांवर दोन विद्यार्थ्यांसही स्थान मिळालें. मात्र त्यांस मताधिकार नाहीं, आणि हा कायदा आठवी इयत्तेशींच थांबतो. म्हणजे ज्या वयांत समज पक्व होऊं लागते, नेमकें त्याच वयांत स्थान जातें! आमच्यासारख्या अल्पसंख्याक संस्थांस तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानें हा कायदा लागूच नाहीं. परंतु कायद्याची सक्ती टळली म्हणून कर्तव्य टळत नाहीं.

या प्रश्नाचें गांभीर्य आमच्या भागास निराळें सांगावयास नको. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापुरांतील एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें, आणि ता. २० रोजीं संतप्त लोकांनीं बदलापूर स्टेशनांत कित्येक तास गाड्या अडविल्या. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली व पोलिसांस दिरंगाईबद्दल खडसावलें. त्यानंतर शाळांतून कॅमेरे व तक्रारपेट्या बसविण्याचे हुकूम सुटले. तें सर्व अवश्य आहे. परंतु कोणत्या जिन्यावर अंधार असतो, कोणत्या स्वच्छतागृहाची कडी लागत नाहीं, कोणत्या माणसाचें भय वाटतें, हें मुलांसच ठाऊक असतें. ज्या शाळेंत पाण्याच्या नळाविषयींचें गाऱ्हाणेंही कोणी ऐकत नाहीं, तेथें याहून नाजूक गोष्ट सांगण्यास मूल धजेल कसें?

कोणी म्हणेल, मुलांस विचारूं लागलों तर तीं अभ्यासासच रजा देतील. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. अभ्यासक्रम, परीक्षेचे गुण, शिक्षकांच्या नेमणुका हे विषय बहुमतानें सोडवावयाचे नव्हेत. तथापि मत विचारणें निराळें आणि कारभार सोंपविणें निराळें. औषध कोणतें द्यावें हें वैद्यच ठरवितो. पण दुखतें कोठें, हें तो रोग्यासच विचारतो. लोकल चुकून उशीरा आलेल्या अंबरनाथच्या मुलास शिक्षा करावी काय, घरीं सिंधी बोलणाऱ्या उल्हासनगरच्या मुलीस मराठीच्या तासास काय अडतें, हे प्रश्न त्यांस विचारूनच सुटतील.

माझी सूचना साधी आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गानें गुप्त मतदानानें एक मुलगा व एक मुलगी निवडावी. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास शिक्षकांनीं परस्पर नेमूं नये. शाळेच्या अडचणी बहुधा त्यासच सर्वांत कमी भासतात. मुख्याध्यापकांनीं महिन्यांतून एकदां या प्रतिनिधींची सभा घ्यावी, व प्रत्येक मागणीचें लेखी उत्तर पंधरा दिवसांच्या आंत फलकावर लावावें. उत्तर नकाराचें असलें तरी चालेल, मात्र त्याचें कारण दिलेलें असावें. कारणावांचून मिळालेला नकारच मुलांस मुकें करतो.

दहावी उत्तीर्ण झालेलीं हीं मुलें दोन-तीन वर्षांत मतदार होतात. ज्यांस सोळाव्या वर्षापर्यंत शाळेच्या घंटेविषयींही कोणी विचारलें नाहीं, त्यांनीं अठराव्या वर्षीं राज्यकारभाराविषयीं विचारपूर्वक मत द्यावें, अशी अपेक्षा आम्ही शिक्षकांनीं कोणत्या तोंडानें करावी?