तीन पिंगळे, एकच चेहरा

भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की संध्याकाळी अंगणात निवांत बसायला सवड मिळते. परवा मुरबाडकडच्या एका गावात असाच बसलो होतो. दिवेलागणीला समोरच्या चिंचेवर पिंगळा किचकिचू लागला. लगेच घरातून आजींचा आवाज आला, "अरे पोरांनो, हाकला रे त्याला! अशुभ बोलतोय." पोरांनी बेचकी काढली. नशिबाने पाखरू उडून गेले.

मी म्हटले, "आजी, गेल्या साली कणगीला उंदीर लागले म्हणून तुम्हीच रडत होतात ना? मग उंदरांच्या वैऱ्यालाच का हाकलता?" आजी हसल्या. पोरांना विचारले, "हा कोणता पिंगळा होता रे?" पोरे म्हणाली, "पिंगळा म्हणजे पिंगळा. त्यात कोणता काय?"

खरी गोम इथेच आहे. आपल्या शिवारात आणि रानात एक नव्हे, तीन पिंगळे आहेत. तिन्ही साधारण साळुंकीएवढे, तिन्ही वाटोळ्या तोंडाचे, तिन्ही पिवळ्या डोळ्यांचे. तेव्हा फरक नीट ध्यानात ठेवा.

पहिला गावातला ठिपकेवाला पिंगळा. चिंच, आंबा, वड यांच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीत जोडीने, कुटुंबाने राहतो. डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठसठशीत दिसतात. दिवस मावळता बाहेर पडतो आणि सगळी मिळून कलकलाट करतात. आजींच्या चिंचेवरचा हाच.

दुसरा जंगली पिंगळा. याच्या डोक्यावर ठिपके नाहीत. डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडव्या रेघा असतात, जणू पट्ट्यापट्ट्यांची घोंगडी पांघरली आहे.

तिसरा रानपिंगळा. हा सर्वांत दुर्मिळ. डोके जवळजवळ कोरे, ठिपके असलेच तर पुसट. छातीवर गडद तपकिरी रंग आणि खाली पोट पांढरेस्वच्छ. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी. हा दिवसाउजेडी हिंडतो. हिवाळ्यात सकाळी सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो आणि बिथरला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो.

या पाखराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८७२ साली आजच्या छत्तीसगडात ते प्रथम हाती लागले. पुढच्या वर्षी ह्यूमसाहेबांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ मध्ये खानदेशात एक मिळाले आणि त्यानंतर रानपिंगळा दिसेनासाच झाला. डॉ. सालिम अलींसारख्यांनी शोधूनही तो सापडला नाही. माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे सांगून एक नमुना दाखवला होता. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना निघाला! अशा खोट्या नोंदीने माणसे भलत्या ठिकाणी शोधत राहिली. अखेर अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

आणि पुढचे नवल तर आपल्या दारचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हाच रानपिंगळा शहापूरच्या तानसा अभयारण्यात आढळला. हिवाळा आला की शहरातली मंडळी ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला दुर्बिणी घेऊन जातात. आपल्या रानात साऱ्या जगाने हरवला म्हटलेला पक्षी बसलेला असतो आणि आपली पोरे बेचकी ताणतात.

संध्याकाळच्या अंधुक उजेडात तिघांतला फरक मलाही सांगता येणार नाही. मग बेचकीवाल्या पोराला कुठून कळणार? म्हणून सरळ हिशेब ठेवावा. तिन्ही राखले तरच तिसरा राहील. तिघेही किडे, सरडे, उंदीर खातात, म्हणजे तिघेही आपलेच राखणदार. जादूटोण्यासाठी घुबडे-पिंगळे धरणारा कोणी वाडीत आला तर त्याला थारा देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आणखी दोन गोष्टी. राबासाठी टहाळ तोडाल तेव्हा ढोली असलेले जुने झाड तेवढे सोडा. ढोली गेली की पिंगळ्याचे घर गेले. उंदरांना विष घातलेत तर मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. असा उंदीर खाऊन पाखरूही दगावते.

शहापूर असो की मुरबाड, सागाच्या रानातून जाताना दिवसा पिंगळा दिसला तर घटकाभर थांबा. आधी डोके पाहा, मग छाती, मग पोट. पण खात्री झाल्याशिवाय "रानपिंगळा दिसला" असे सांगत सुटू नका. एका खोट्या नोंदीने केवढा घोळ झाला, ते वर वाचलेच आहे. खात्री वाटलीच, तर वनरक्षकाला जागा दाखवा.

निघताना आजींना हे सारे सांगितले. क्षणभर गप्प राहून त्या नातवाला म्हणाल्या, "ठेव ती बेचकी. आधी डोकं बघायला शीक."