सेकंड-हँड शॉटगन स्वस्तात मिळते, पण ‘ओळखीतला सौदा’ महागात पडतो

अमेरिकेत कमी पैशांत पहिली बंदूक घ्यायची म्हटली की सल्ला ठरलेला असतो: जुनी पंप-अ‍ॅक्शन शॉटगन घे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या कानावरही तो पडतो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. त्यात बंदुकीची किंमत कळते, पण ती घेण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे कळत नाही.

पंप-अ‍ॅक्शनच का?

पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. यंत्रणा हाताने चालते, त्यामुळे बिघडण्यासारखं कमी असतं. रेमिंग्टन ८७० हे मॉडेल १९५०च्या सुमाराचं, मॉसबर्ग ५०० त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेलं. एकट्या ८७० चे एक कोटीहून जास्त नग विकले गेले आहेत. रेमिंग्टन कंपनीने २०१८ आणि २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी सुटे भाग आजही सहज मिळतात. जुन्या वस्तूच्या खरेदीत हीच सर्वांत मोठी हमी.

हातात घेतल्यावर काय बघाल?

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. मग नळीत उजेड टाकून आतून गंज, खड्डे किंवा फुगवटा आहे का ते बघा. फुगलेली नळी दुरुस्त करत बसू नका, सौदा सोडा. नकली काडतुसं घालून मूठ चालवा, प्रत्येक काडतूस बाहेर फेकलं गेलं पाहिजे. सेफ्टी लावल्यावर घोडा दबता कामा नये. नळीवर कोरलेली काडतुसाची लांबी वाचा. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस वापरणं धोक्याचं.

दोन गोष्टी दिसल्या तर तिथून निघा: खोडलेला सिरियल नंबर आणि १८ इंचांपेक्षा आखूड कापलेली नळी. हे दोन्ही थेट फेडरल गुन्ह्याचे विषय आहेत.

खर्चाचंही गणित मांडा. मॅव्हरिक ८८ नवीच साधारण २५० डॉलरच्या आसपास मिळते. मग अनोळखी माणसाकडून २०० डॉलरला जुनी घेण्यात वाचतं काय?

व्हिसावर असाल तर?

इथे खरी गोम आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं आणि बाळगणं अमेरिकेचा फेडरल कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही.

दुकानात ‘फॉर्म ४४७३’ भरावा लागतो, त्यात हे विचारलं जातं आणि पार्श्वभूमी तपासली जाते. खोटं उत्तर दिल्यास १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घेऊ’ हा जुगाडही नको. दुसऱ्यासाठी अशी आडून खरेदी करणं २०२२ पासून स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे आणि त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्हिसावरच्या माणसाला तुरुंगानंतर देशाबाहेर काढलं जाण्याचीही भीती असते.

मग पळवाट कुठे?

एकाच राज्यातल्या दोन खासगी व्यक्तींमधल्या विक्रीत पार्श्वभूमी तपासणी फेडरल कायद्याने सक्तीची नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांनी ती सक्तीची केली, टेक्सासने नाही. म्हणजे टेक्सासमध्ये पार्किंगमध्ये उभं राहून, कोणताही फॉर्म न भरता सौदा होऊ शकतो. पण फॉर्म नाही म्हणून मनाई उठत नाही. विकणाऱ्याने विचारलं नाही, तरी गुन्हा घेणाऱ्याच्या माथी येतोच.

माझ्या मते ही व्यवस्था उलटी आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना, मग बंदूक. ती प्रक्रिया कंटाळवाणी आहे, पण आपण पात्र आहोत की नाही हे माणसाला पैसे देण्याआधी कळतं. टेक्साससारख्या राज्यातल्या खासगी सौद्यात ते थेट खटल्यातही कळू शकतं. तपासणी सगळीकडे सक्तीची झाली, तर प्रामाणिक ग्राहकाचंच रक्षण होईल.

तोवर काय करायचं? सौदा ओळखीतला असला तरी परवानाधारक दुकानामार्फत करा. त्याची फी साधारण २५ ते ५० डॉलर पडते. पावती जपा, सिरियल नंबर लिहून ठेवा. व्हिसाबद्दल शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. आणि बजेटमध्ये कुलूपबंद कपाट धरा. घरात मूल असेल तर कपाटाचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यात बंदूक बघा.